लॉज फुल होतं

४ फेब्रुवारी, पहाटे ५.१०

नवी वही. पहिल्या पानावर तीन संकल्प. रोज लिहायचं. खाडाखोड करायची नाही. आणि खरं तेच लिहायचं. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, मग खोटं सांगायचं कोणाला?

एकतीस वर्षं फॉर्म छापणाऱ्या छापखान्यात प्रूफं वाचली. जन्माचा फॉर्म, मृत्यूचा फॉर्म, नळजोडणीचा फॉर्म, सगळे या डोळ्यांखालून गेले. माझ्या सहीने गेलेल्या एकाही कागदाला शुद्धिपत्र जोडावं लागलं नाही. निरोपसमारंभात साहेब स्वतः हे म्हणाले. (भाषणाचा मसुदा मीच तपासून दिला होता.)

आज लवकर उठलो तो संकल्पामुळे नव्हे. मुलाच्या खोलीत त्याचं मनगटी घड्याळ आहे. पाचला दहा कमी असताना वाजतं. पिप पिप, एक मिनिट, मग आपोआप गप्प. त्याची सैन्यातली उठायची वेळ. खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे, सुरक्षिततेसाठी. दोन वर्षं झाली. बॅटरी आता संपेलच.

मुद्द्याचं. मुलगा जखमी होऊन इथल्या लष्करी हॉस्पिटलात आला आणि अकरा दिवस होता. भेटीची वेळ संध्याकाळी सातपर्यंत. सात वाजले की गेटवर शिट्टी. आमचं घर बसने तासाभरावर. आम्ही दोघं पहिल्या बसने जायचो, शेवटच्या बसने यायचो. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आज जवळपासच राहा. गेटसमोर एकच लॉज. हिला बाहेर पायरीवर उभं केलं आणि मी आत जाऊन विचारलं. लॉज फुल होतं. शेवटची बस पकडून घरी आलो. साडेआठला फोन. टॅक्सी मिळून पोचेपर्यंत सव्वादहा. बेड आवरलेला होता. चादरसुद्धा बदललेली.

लॉज फुल होतं. माणसाच्या हातात काय असतं?

म्हणून ठरवलं आहे. हॉस्पिटलाच्या गेटजवळ जवानांच्या नातेवाइकांसाठी निवास बांधायचा. चाळीस खोल्या. पुढच्या फेब्रुवारीत उद्घाटन. लोक द्यायला तयार असतात, मागणारा शिस्तीचा हवा. हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं.

९ फेब्रुवारी

समितीची पहिली सभा. आमच्याच जेवणाच्या टेबलावर. उपस्थित: मी (अध्यक्ष), शेजारचे दातांचे रिटायर डॉक्टर (खजिनदार, सगळे त्यांना दातवाले म्हणतात, मीही मनात तेच म्हणतो), आणि पलीकडच्या बिल्डिंगमधल्या पीटीच्या बाई (सेक्रेटरी). बाईंनी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी मारली आहे. अजूनही मैदानावर असल्यासारख्याच बोलतात.

संस्थेच्या नावावर दोन तास चर्चा. लेटरहेडवर कोणता टाइप यावर अर्धा तास. पीटीबाईंनी विचारलं, अध्यक्ष, खोल्या कधी? मी समजावलं, आधी फॉर्म, मग काम. जगात कुठलीही गोष्ट फॉर्मशिवाय उभी राहिलेली नाही. बाई म्हणाल्या, माणूस उभा राहतो की. दातवाले हसले. त्यांना हसायला निमित्तच लागतं, कवळी नवी आहे.

हिने चहा दिला आणि आत गेली. समितीत ये म्हटलं तर म्हणाली, मी गुरुवारी नसते. गुरुवारी दुपारी ही कुठेतरी जाते. चालायला जात असेल. गुडघ्यांना चांगलं.

१० फेब्रुवारी, पहाटे

वाजलं. मी हो हो, उठलोय म्हणालो. सवय, दुसरं काही नाही.

१७ फेब्रुवारी

प्रवेश-अर्जाचं प्रूफ आलं. जुन्या छापखान्यातल्या पोरांनी मान राखून केलं. एकूण एकतीस कलमं. समासाची रेघ तर अशी की बघत राहावं. हा फॉर्म माझ्या आयुष्याचं सार आहे असं म्हटलं तरी चालेल. मी हिच्याजवळ म्हणालोसुद्धा. ही चष्मा शोधत होती.

पीटीबाईंनी मात्र खोडी काढलीच. म्हणाल्या, कलम सहानंतर एकदम आठ कसं? मी म्हटलं, ती रचना आहे. खरं म्हणजे सात हा आकडा मला आवडत नाही. कारण काही नाही. एकेकाला कारलं आवडत नाही.

पावतीपुस्तकंही आली. शंभर पुस्तकं, प्रत्येकात शंभर पानं, अनुक्रमांक मशीनने मारलेले. समितीने सुरुवातीला जमवलेली वर्गणी यात संपली, पण हा खर्च नव्हे, पाया आहे. हिने विचारलं, एवढ्या पावत्या कशाला? मी म्हणालो, छापील पावतीशिवाय व्यवहार करायचा नाही, हे माझं तत्त्व तुला माहीत आहे. ही माझ्याकडे बघत राहिली. मग कप तसाच टाकून उठली. अलीकडे तिचं चहावरून मन उडालंय.

२ मार्च

देणगी-मोहीम सुरू. मी आणि दातवाले. रिक्षा नाही, पायी. लोकांच्या पैशावर उभं राहायचं तर साधेपणा हवा. (रिक्षावाल्याने नाही म्हटलं.)

बांधकाम-साहित्याच्या व्यापाऱ्याकडे दीड तास बसलो. तो म्हणाला, जवानांसाठी काय वाटेल ते. डोळे पुसले. मग म्हणाला, सध्या हात तंग आहे, पण वस्तुरूपाने देतो. अकरा सीलिंग फॅन दिले. जुने आहेत, पण फिरतात म्हणाला.

प्रगती उत्तम. पंखे आले, छत बाकी.

ठेवायला जागा नाही म्हणून पॅसेजमध्ये मुलाच्या खोलीच्या दाराला टेकवून रचले. ही म्हणाली, दार उघडायचं झालं तर? मी म्हटलं, उघडायचं कशाला?

३ मार्च, पहाटे

घड्याळ वाजलं. पंख्यांच्या थप्पीमागून आवाज वेगळाच येतो, लांबून आल्यासारखा. वरच्या पंख्याचं पातं थोडं फिरलं. खिडक्या बंद होत्या. दाराच्या फटीतून वारा येत असणार. मी फटीशी वाकून बघितलं. वारा नव्हता. बूटपॉलिशचा वास आला.

भूतबित मी मानत नाही. दोन वर्षं बंद डबी. पॉलिशचा दर्जाच तसा असणार.

१० मार्च

दुसरी सभा. पीटीबाईंनी ठराव मांडला. चाळीस खोल्या होतील तेव्हा होतील, तोवर गेटसमोरच्या लॉजवाल्याला भेटू या. एकदोन खोल्या अर्ध्या भाड्यात दे म्हणू. ते भाडं आपण देणग्यांतून भरू. लोक आज बाकावर झोपताहेत, अध्यक्ष.

दातवाले म्हणाले, वा. मी म्हणालो, तो लॉज बरा नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही राहिलात कधी? मी म्हणालो, नाही. मग कसं कळलं? मी म्हणालो, तोंडावरून कळतं. लॉजला कुठलं तोंड आलंय, असं बाईंचं म्हणणं.

ठराव एकमताने मंजूर. माझं मत धरलं नाही, अध्यक्षाला मत नसतं म्हणे. लॉजवाल्याला मी स्वतः भेटायचं ठरलं. परवाच जातो.

१२ मार्च

सर्दी.

१३ मार्च

सर्दी बरी. पण सर्दीनंतर लगेच बाहेर पडू नये.

१४ मार्च

पाय.

१६ मार्च

बसस्टॉपपर्यंत गेलो. बसमध्ये सीट मिळाली, नंबर सात. उठून उभा राहिलो. मग पुढच्या स्टॉपला उतरलोच. पाय.

पीटीबाईंचा फोन. गेलात का? सांगितलं की वाटाघाटी नाजूक टप्प्यावर आहेत. हे खोटं नाही. नाजूक आहेतच.

१९ मार्च

आज हॉस्पिटलाच्या गेटवर गेलो. लॉजसाठी नव्हे, फॉर्मची चाचणी घ्यायला. लॉजकडे पाठ करून उभा राहिलो, म्हणजे ऊन लागत नाही.

बाकावर एक म्हातारेबुवा आणि त्यांची सून. खूप लांबून आलेत. मुलगा आत आहे, सहा दिवस बेशुद्ध. दोघं बाकावरच झोपतात. सून उशाला चपला घेते, चोरीला जाऊ नयेत म्हणून. मी संस्थेची माहिती दिली. म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरले. फॉर्म दिला. सुनेने बाकावर ठेवून भरायला घेतला, अक्षर बरं होतं. कलम आठपर्यंत ठीक चाललं.

कलम नऊ: रुग्ण एकूण किती दिवस दाखल राहणार, याचा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला.

म्हातारा म्हणाला, साहेब, डॉक्टरच सांगत नाहीत हो, मी काय लिहू? मी समजावलं की त्याशिवाय खोलीचं नियोजन होत नाही. तो म्हणाला, जास्त दिवस लिहिले तर पोरगं जास्त दिवस पडून राहील असं वाटतं. आणि कमी लिहिले तर… सुनेने पेन खाली ठेवलं.

कलम रिकामं चालत नाही. शिवाय अर्ज पंधरा दिवस आधी हवा. शिवाय निवास अजून बांधायचा आहे. हे सगळं मी शांतपणे सांगितलं. म्हाताऱ्याने फॉर्मची चार घड्यांची घडी केली, खिशात ठेवली आणि माझे आभार मानले. आभार कशाचे मानले कळलं नाही.

सातची शिट्टी झाली. माणसं बाहेर यायला लागली. तेवढ्यात मान वळली. लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि दांडीवर टॉवेल वाळत होता.

शेवटच्या बसने घरी. नियम म्हणजे नियम. एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडावा लागतो. चाळीस खोल्यांचा व्याप आहे हा.

२० मार्च, पहाटे

डॉक्टरांना आम्हीही विचारलं होतं, किती दिवस. आज घड्याळ वाजायच्या आधीच उठून पॅसेजमध्ये बसलो होतो. बॅटरी तपासायला.

२८ मार्च

गुरुवार. ही परत आली तेव्हा हातात रिकामा थर्मास. चालायला जाणारा माणूस थर्मास नेतो का? विचारलं. म्हणाली, गेटवर जाते. बाकावरच्या लोकांना चहा देते. वॉर्डातल्या सिस्टर ओळखतात, कधी आत बोलावतात. दोन वर्षं जाते.

दोन वर्षं! आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, अगं, मग हे संस्थेच्या कामात धरता आलं असतं. लाभार्थ्यांची नोंद ठेवलीस का? ही म्हणाली, साखर कमी की जास्त एवढं लक्षात ठेवते.

मग म्हणाली, एका म्हाताऱ्याच्या खिशात तुमचा फॉर्म बघितला. जपून ठेवलाय. त्याला वाटतं की तो फॉर्म म्हणजे नंबर लागला.

मी म्हणालो, अंगात बारीक ताप आहे. झोपलो.

६ एप्रिल, रात्री

आज देणगी-शुभारंभ समारंभ. शाळेचा हॉल. खुर्च्या एकशेवीस. माणसं चौदा, त्यांत हॉलचा शिपाई धरला आहे. सुरुवात पाऊण तास उशिरा केली, लोक वाटेत असतील म्हणून. दारापाशी टेबलावर शंभर पावतीपुस्तकांचा मनोरा. दिसायला भारदस्त.

माझं भाषण बावीस मिनिटं. चाळीस खोल्या डोळ्यांसमोर उभ्या केल्या. मग नेहमीप्रमाणे तो प्रसंग सांगितला. लॉज फुल होतं म्हणालो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई रडल्या. ही मागच्या रांगेत होती.

पीटीबाई उठल्या. म्हणाल्या, अध्यक्षांची तब्येत बरी नव्हती म्हणून लॉजवाल्यांना मीच भेटले. तुमचं भाषण संपलं आणि ते आले. दाराशी उभे आहेत.

लॉजवाला स्टेजवर आला. दोन वर्षांत केस गेलेत. साधा माणूस. माइक कसा धरायचा माहीत नाही, दोन्ही हातांनी धरला. म्हणाला, भाषणबिषण येत नाही. एक खोली देतो, सात नंबर, वर्षभर, अर्ध्या भाड्यात. खिडकीतून वॉर्ड दिसतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यावर थांबायला हवं होतं त्याने.

मग माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, साहेबांना मी ओळखतो. पूर्वी आले होते एकदा, संध्याकाळी. हीच सात नंबर रिकामी होती, मी किल्ली हातात दिली. साहेबांनी विचारलं, छापील पावती देणार का, अनुक्रमांकासकट? मी म्हटलं, साहेब, कागदावर लिहून देतो. साहेबांनी किल्ली परत ठेवली. म्हणाले, तत्त्व म्हणजे तत्त्व. मला तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. पण नंतर पटलं. अशीच माणसं संस्थेला हवीत.

आणि त्याने खिशातून पावतीपुस्तक काढलं. नवं कोरं. मला दाखवलं. म्हणाला, आता छापील आहे, साहेब. नंबरासकट.

त्याला काहीच माहीत नाही. आम्ही कोणासाठी खोली मागत होतो, त्या रात्री काय झालं, काही नाही. तो माझं कौतुक करत होता. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. पीटीबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

ही उठून बाहेर गेली नाही. बसून राहिली. ते जास्त झालं.

७ एप्रिल

आज लिहिण्यासारखं काही नाही.

७ एप्रिल, दुपारी

लॉजवाल्याचा गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे. दिवसाला किती गिऱ्हाइकं येतात. माझ्यासारखे चेहरे पुष्कळ असतात.

८ एप्रिल

ही वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, तो माणूस काहीतरीच बोलला. हिने घडी थांबवली नाही.

म्हणाली, मी पायरीवर होते ना. दाराला काच होती. तुम्ही किल्ली काउंटरवर ठेवलीत ते दिसलं, त्यांनी ती खिळ्याला परत लावली तेही दिसलं. मग तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, फुल आहे.

मी विचारलं, मग तेव्हाच बोलली का नाहीस?

म्हणाली, बस आली. मला वाटलं उद्या सकाळी भांडेन. उद्या सकाळी भांडायला काही उरलंच नाही. मग म्हटलं, तुम्ही सांगाल. महिना थांबले, वर्ष थांबले. मग तुम्ही चाळीस खोल्या काढल्यात. वाटलं, चाळीस खोल्या बांधून तरी सांगतील.

मी म्हणालो, मला खरंच वाटलं होतं की सकाळी जाऊच. ही म्हणाली, मला ठाऊक आहे. आणि आणखी एक सांगितलं. सिस्टरने तिला सांगितलं होतं, पहिल्याच गुरुवारी. त्या रात्री आठच्या सुमाराला त्याने दोनदा विचारलं, आई-बाबा गेले का? सिस्टर म्हणाली, नाही रे, समोरच्या लॉजमध्ये आहेत, हाक मारली की येतील. मग तो शांत झाला म्हणे.

म्हणजे त्याच्या हिशेबी आम्ही सात नंबरमध्ये होतो. दोन वर्षं तिथेच आहोत.

मला लाज वाटली. ही घड्या घालत राहिली, आणि माझा सदरा आला तेव्हा त्याचीही घातली, इतरांसारखीच नीट.

१२ एप्रिल

अध्यक्षपदाचा राजीनामा लिहिला. चार मसुदे केले. पीटीबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, अध्यक्ष, राजीनाम्याने भाडं भरलं जाणार आहे का? मग हे ठेवा. अर्ध्या भाड्यात खोली मिळाली आहे, पण तेवढंही आपल्याकडे नाही. समारंभात तीन पावत्या फाटल्या, त्यातून हॉलचे पैसे फिटले.

शंभर पुस्तकं. तीन पावत्या.

१५ एप्रिल

हिने हात पुढे केला आणि म्हणाली, किल्ली द्या.

म्हणाली, खोली भाड्याने देते. येईल ते सगळं सात नंबरला. मी हिशेब केला, बरोबर बसतं. मी म्हणालो, त्याची खोली? ही म्हणाली, त्याचीच. आपण तिथे नव्हतो. निदान त्याच्या खोलीच्या भाड्याने तरी कोणीतरी तिथे असेल.

मी म्हणालो, विचार करू. समितीपुढे ठेवू. उन्हाळा संपू दे. कुलूप गंजलं असेल, मोडेल. हिने हात मागे घेतला नाही. माझ्या बोलण्याचा मलाच कंटाळा आला.

किल्ली दिली.

अकरा पंखे मी एकट्याने हलवले. दातवाले मदतीला आले होते, पण कंबर धरून बसले. कुलूप लगेच उघडलं. हिने दर महिन्याला तेल घातलं होतं म्हणे. आत काही नव्हतं. म्हणजे भिण्यासारखं काही नव्हतं. बुटांचे दोन जोड, पॉलिशची डबी, झाकण उघडं राहिलेलं. घड्याळ टेबलाच्या खणात होतं. मी दोन वर्षं दाराबाहेर बसत होतो आणि ते दारापासून चार पावलांवर होतं.

हातात घेतलं. चार मिनिटं पुढे आहे. आमचा मुलगाही असाच, नेहमी वेळेआधी.

२४ एप्रिल

भाडेकरू आला. बसचा ड्रायव्हर, एकटाच. हिने कसा शोधला विचारलं तर म्हणाली, गुरुवारच्या बसवर ओळख झाली. पहिली बस तोच काढतो, हॉस्पिटलाला जाणारी.

मी भाडेकराराचा फॉर्म आणला, नऊ पानी. त्याने पहिल्या पानावर सही केली आणि म्हणाला, बाकीचं तुम्ही वाचा काका, तुम्हाला आवड दिसतेय.

टेबलावरचं घड्याळ बघून विचारलं, हे वाजतं का? सांगितलं, पाचला दहा कमी. म्हणाला, मग राहू दे ना. मला नेमकं तेव्हाच उठायचं असतं.

२५ एप्रिल, पहाटे

वाजलं. दोनदा पिप झालं आणि थांबलं.

कोणीतरी हाताने बंद केलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी हो हो, उठलोय म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मग नळाचा आवाज आला, दार लागलं, जिन्यावरून पावलं गेली. पॅसेजमध्ये बसून रडलो. ही उठली होती, पण बाहेर आली नाही. बरं केलं.

३ मे

आजपासून माझी ड्युटी लॉजच्या काउंटरवर. रोज संध्याकाळी सहा ते सात. गेटवरच्या बाकावरून ज्याला आणायचं त्याला ही आणणार, मी किल्ली द्यायची. एवढंच काम. हिने बजावलं आहे, फॉर्म न्यायचा नाही.

पहिले आले ते तेच म्हातारेबुवा आणि सून. मुलाने काल डोळे उघडले, अजून बोलत नाही. म्हाताऱ्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. म्हणाला, साहेब, कलम नऊ अजून राहिलंय. माझा हात सवयीने पेनकडे गेला. लॉजवाला बघत होता. ही पायरीवर उभी होती, काचेपलीकडे.

कागद त्याच्या हातातून घेतला आणि खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, सही कुठे करू? मी म्हणालो, करू नका. तो म्हणाला, किती दिवस राहायचं? मी म्हणालो, राहा.

ते वर गेले. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. सातची शिट्टी झाली, आणि ते दोघं कुठेही गेले नाहीत.

चाळीस खोल्यांपैकी एक झाली, तीही मी केलेली नाही. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ही किराण्याची यादी करते. पावतीपुस्तकं लॉजवाल्याने मागून नेली, त्याला शंभर वर्षं पुरतील. पंखे तेवढे अजून पॅसेजमध्ये आहेत, कोणाला हवे असतील तर.

वहीत खाडाखोड करायची नाही असा संकल्प आहे. तो तरी पाळतो. खाली जोडतो आहे तो कागद एकतीस वर्षांत कधी जोडावा लागला नव्हता.

शुद्धिपत्र. ४ फेब्रुवारीच्या पानावर ‘लॉज फुल होतं’ असं दोनदा आलं आहे. दोन्ही ठिकाणी ‘सात नंबरची खोली रिकामी होती आणि किल्ली माझ्या हातात होती’ असं वाचावं. चूक छापखान्याची नाही.